एका शब्दाची पोटगी

‘मालमत्ता’ हा शब्द आपण घरदाराच्या गोष्टी बोलताना सहज वापरतो. पण त्यातली ‘मत्ता’ मूळची अरबी ‘मताअ’, हे सहसा ध्यानी येत नाही. हा शब्द कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील २४१ व्या आयतीत आहे. तलाक दिलेल्या स्त्रीला रीतीप्रमाणे ‘मताअ’ मिळावा, ते पापभीरू माणसाचे कर्तव्य होय, असा तिचा आशय. ‘मताअ’ म्हणजे उपयोगाची, उपभोगाची चीजवस्तू. ती किती आणि कोठवर, याविषयी शब्द मुका आहे. भाषांतरकाराला मात्र मुके राहता येत नाही.

इंग्रजीत पिक्थॉल (१९३०) आणि आर्बेरी (१९५५) यांनी ‘तरतूद’ अशा अर्थाचा शब्द योजला. अब्दुल्ला यूसुफ अली (१९३४) यांनी ‘निर्वाहखर्च’ अशा अर्थाचा घेतला, आणि वाक्य नीट उभे राहावे म्हणून कंसात पदरचे शब्दही घातले. हे गृहस्थ आय. सी. एस., कायदा शिकलेले. त्यांचा शब्द आपल्या फौजदारी कायद्यात पोटगीला रूढ असलेलाच होता. यात काही हेतू होता असे मी म्हणत नाही. पण शब्दाला कचेरीचा वास आहे खरा.

अर्धशतकाने त्याचे मोल रुपयांत ठरले. इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न १९३२ सालचे. नवऱ्याने १९७५ साली त्यांना घराबाहेर काढले, १९७८ साली तलाक दिला. खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्यासाठी नवरा, जो स्वतः वकील होता, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला! २३ एप्रिल १९८५ च्या निकालपत्रात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी या आयतीची निरनिराळी भाषांतरे शेजारी शेजारी मांडली आहेत. एखाद्या समीक्षकाने करावे तसे ते काम आहे. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचे म्हणणे असे, की ‘मताअ’ म्हणजे तरतूद, निर्वाहखर्च नव्हे. न्यायालयाने हा भेद पोकळ ठरवला.

निकाल न्याय्य होता. परंतु भेद पोकळ होता हे मला पटत नाही. निर्वाहखर्च महिन्याच्या महिन्याला मोजून द्यायचा असतो. तरतूद एकदाच करायची, पण पुढचे सारे डोळ्यांपुढे आणून. म्हातारपणाची तरतूद करणाऱ्या कोणत्याही घराला हे निराळे सांगावे लागत नाही.

आणि गंमत पाहा. तो निकाल निष्फळ करण्यासाठीच आला असे ज्याच्याविषयी बोलले गेले, त्या १९८६ च्या कायद्यात ‘तरतूद’ आणि ‘निर्वाहखर्च’ हे दोन्ही शब्द आले. मुदत मात्र इद्दतीची, म्हणजे तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांची. डॅनियल लतीफी हे शाहबानोंचे वकील. त्यांनी या कायद्याला आव्हान दिले. २००१ साली न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण अर्थ असा लावला, की तरतूद इद्दतीच्या आत करायची, मात्र करायची ती त्या स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची. अर्थ आवळण्यासाठी पुढे केलेला शब्द बाईच्या पदरात अधिक टाकून गेला. २०२४ साली तर न्यायालयाने सर्वसाधारण कायद्यातील पोटगीचे दारही तिला उघडे असल्याचे सांगितले.

मराठीत ही आयत आणताना ‘पोटगी’ हा शब्द हाताशी तयारच असतो. पण पोटगीत पोटच तेवढे दिसते. अंगावरचे लुगडे, डोक्यावरचे छप्पर, दुखण्याखुपण्याचे औषध दिसत नाही. मी ‘तरतूद’ लिहीन, आणि कंस घालणार नाही.