खून घेतला, जात टाकली

‘सैराट’ (२०१६) खामगावच्या टॉकीजात पाहिला. ‘झिंगाट’ले पोरं खुर्च्यांवर उभी. शेवटी मात्र आवाजच गेला. नागराज मंजुळेनं वार दाखवलेच नाहीत. रक्ताची पावलं उठवत बाहेर जाणारं लेकरू दाखवलं. बाहेर आलो तर कोणी कोणाशी बोलेना.

२०१८ साली करण जोहरच्या कंपनीनं त्याचाच ‘धडक’ केला. गाव उदयपूर झालं, ‘झिंगाट’ची चाल तशीच घेतली. जात तेवढी वाटेत सांडली. सांडली कशाची, सांडवली! राहिली ती बापाची इलेक्शन अन् घराण्याची इज्जत. मग पोराला अन् लेकराला वरून फेकतात ते नेमकं कशापायी? या धंद्याला मढं चालतं, मारणाऱ्याची जात चालत नाही. तिकीट त्यालाही विकायचं असतं ना भाऊ.

मंजुळेलाही विचारतो : त्या पाच मिनिटांसाठी एवढी गाणी, एवढी लाडीगोडी लागलीच काय? ‘फँड्री’त (२०१३) एका दगडानं भागलं होतं. पण १०० कोटी ‘सैराट’च्या गल्ल्यात आले, ‘फँड्री’च्या नाही.

आता हळदीला, वरातीला ‘झिंगाट’ वाजतं. आमच्या पोराले ज्या दारातून पोरगी मिळणार नाही, त्याही दारात वाजतं.