सोपे सूत्र आणि जड विमान

हेंक टेनेकेस या डच हवामानशास्त्रज्ञाचे ‘द सिंपल सायन्स ऑफ फ्लाइट’ हे पुस्तक १९९६ साली इंग्रजीत आले आणि २००९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. फळमाशी, चिमणी, गरुड आणि बोइंग ७४७ यांना एकाच आलेखावर आणून बसवण्याचे काम या पुस्तकाने केले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, असे आमचे मत आहे. तरीही त्यातले मुख्य सूत्र घेऊन कोणी रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान, त्यातही जड विमान, बांधून उतरवायला निघाला, तर ते सूत्र कुठपर्यंत साथ देते आणि कुठे सोडून जाते, हे तपासायला हवे. सूत्राची योग्यता अशा ठिकाणीच कळते.

सूत्र असे आहे: वजन = ०.३ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचे क्षेत्रफळ. वजन न्यूटनमध्ये, बाकी सारे मीटर, किलोग्रॅम, सेकंदात. समुद्रसपाटीजवळच्या हवेसाठी हेच आणखी सोपे होते. वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो, आणि पंखभार = ०.३८ × वेगाचा वर्ग. ७४७ चे वजन सुमारे ३५ लाख न्यूटन आणि पंख ५११ चौरस मीटर धरले, तर वेग येतो सेकंदाला १३४ मीटर. बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता साधारण चौथाई, म्हणून वेग दुप्पट, २६८. प्रत्यक्षात हे विमान सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाते. आठवीचा विद्यार्थी करू शकेल अशा गणिताने इतके जवळचे उत्तर मिळावे, हे या पुस्तकाचे खरे यश.

आता दोन मॉडेल विमाने घेऊ. पहिले २ किलोचे. पंखाची लांबी १.६ मीटर, रुंदी २५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. दुसरे प्रत्येक मापात त्याच्या बरोबर दुप्पट. क्षेत्रफळ चौपट, म्हणजे १.६ चौरस मीटर. वस्तुमान आठपट, म्हणजे १६ किलो. पंखभार ४९ वरून ९८ न्यूटन प्रति चौरस मीटर झाला. सूत्राप्रमाणे पहिल्याचा वेग सेकंदाला ११.४ मीटर, दुसऱ्याचा १६. इथपर्यंत सूत्राबद्दल तक्रार नाही. आमचे आक्षेप यापुढे सुरू होतात.

पहिला आक्षेप ०.३ या आकड्याबद्दल. तो निसर्गाचा स्थिरांक नव्हे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात पंख समोरून येणाऱ्या हवेशी सरासरी सहा अंशांचा कोन करतो, असे धरून तो आला आहे. लेखकाने हे सांगितले आहे, पण सूत्र पाठ करणारा ते विसरतो. उतरताना विमान सावकाश होते, तेव्हा तेच वजन पेलण्यासाठी हा कोन वाढवावा लागतो. साध्या पंखात हा आकडा फार तर ०.६ च्या आसपास जातो. त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही, उचल कोसळते आणि विमान स्टॉल होते. आकडा दुप्पट झाला तरी वेग मात्र १.४ पटीनेच कमी होतो. आपल्या जड विमानाचा स्टॉलचा वेग सेकंदाला साडेअकरा मीटर येतो. उतरायला येताना त्याच्या १.३ पट वेग राखावा असा संकेत आहे. म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किलोमीटर. ‘जाण्याचा’ वेग १६ आणि ‘न पडण्याचा’ वेग साडेअकरा, या अंतरातच वैमानिकाची सारी मोकळीक आहे. एकच वेग सांगणारे सूत्र ही मोकळीक किती अरुंद आहे ते दाखवत नाही.

वळणावर तर ती आणखी अरुंद होते. ६० अंश कलून, उंची न सोडता वळण घेतले, तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग १.४ पट, म्हणजे १६ च्या वर जातो. उतरण्याच्या १५ च्या वेगात असे वळण घेणारे विमान पडणारच. विद्यार्थ्याला ‘वळताना जपून’ असे सांगण्यापेक्षा हे गणित करायला लावावे.

दुसरा आक्षेप डोळ्यांबद्दल. मॉडेलचा वैमानिक जमिनीवर उभा असतो. विमानाचा वेग त्याला नजरेनेच ठरवावा लागतो. लहान विमान सव्वा मीटर लांब असेल, तर उतरताना ते सेकंदाला आपल्या लांबीच्या साडेआठ पट अंतर कापते. दुप्पट मापाचे विमान अधिक वेगाने येत असूनही आपल्या लांबीच्या फक्त सहा पट. म्हणून मोठे विमान डौलदार, संथ दिसते. हवेत सेकंदाला पाच मीटरचा वारा असला, तर तेच विमान वाऱ्याच्या दिशेने जाताना जमिनीवरून २० मीटर वेगाने जाते. पाहणाऱ्याला वाटते, वेग फार झाला. तो एलेव्हेटर ओढतो, आणि हवेच्या हिशेबात आधीच बेताचा असलेला वेग संपतो. सूत्रातला वेग हवेच्या संदर्भातला आहे, जमिनीच्या नव्हे. सापेक्ष वेगाचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

तिसरा आक्षेप असा की, सूत्रात वजन ही दिलेली गोष्ट आहे. बांधणाऱ्याला मात्र ते कमवावे लागते. मापे दुप्पट केली की पंखावरचा भार आठपट, तो पेलणारी भुजा दुप्पट, म्हणून पंखाच्या मुळाशी वाकवणारे आघूर्ण सोळापट होते. स्पार या मुख्य दांड्याची ताकद मापांच्या घनाने, म्हणजे आठपटच वाढते. परिणामी त्यातला ताण दुप्पट. त्याच बाल्सा लाकडाचा मोठा दांडा पुरत नाही. प्लायवुड किंवा कार्बन तंतूंची नळी घालावी लागते. लहान विमानाचा आराखडा फोटो मोठा करावा तसा मोठा करता येत नाही.

सूत्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पंखाभोवतीचा प्रवाह रेनॉल्ड्स संख्येवरही अवलंबून असतो. ती उतरताना लहान विमानासाठी सुमारे पावणेदोन लाख, मोठ्यासाठी पाच लाख येते. संख्या वाढली की हवा पंखाला साधारणपणे अधिक चांगली धरून राहते. म्हणजे मोठे विमान सूत्राच्या अंदाजापेक्षा थोडे बरेच वागेल. तसेच ‘जड विमान इंजिन बंद पडले की दगडासारखे खाली येते’ हा समजही चूक आहे. तरंगत येण्याचा कोन उचल आणि अवरोध यांच्या गुणोत्तरावर ठरतो, वजनावर नाही. जड विमान त्याच उतारावरून येते, फक्त अधिक वेगाने.

पण हा ‘फक्त’ महाग पडतो. उतरण्याच्या वेगाला लहान विमानाची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल आहे, मोठ्याची १८०० ज्यूल. मापे दुप्पट, ऊर्जा सोळापट. १६ किलोची वस्तू साडेअकरा मीटरवरून, म्हणजे जवळजवळ चार मजल्यांवरून पडावी, तेवढी ही ऊर्जा. ती जिरवायला जागा लागते. विमान सेकंदाला १२ मीटर वेगाने टेकले आणि गवतावरचे घर्षण वजनाच्या एकदशांश धरले, तर ते सुमारे ७३ मीटर घरंगळेल. शाळेच्या मैदानाची लांबी आठवा, आणि कडेने उभी असलेली मुलेही. २०२१ साली आलेल्या आपल्याकडील ड्रोन नियमांनी मॉडेल विमानाची मर्यादा २५ किलो ठेवली आणि ते नजरेच्या टप्प्यात उडवावे असे सांगितले. आपले १६ किलोचे विमान या मर्यादेत आरामात बसते. नियमात बसणे आणि मैदानात मावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुस्तकाचा दोष म्हणून हे आम्ही मांडत नाही. टेनेकेस यांनी दूरच्या प्रवासाचे शास्त्र लिहिले. उतरण्याचे शास्त्र त्यांच्या सूत्राकडून मागणे ही आपली घाई. शिक्षकांना आमची सूचना एवढीच: सूत्र फळ्यावर लिहा, ७४७ चा वेग काढून दाखवा, मुलांना थक्क होऊ द्या. मग विचारा, ०.३ कुठून आला? हा प्रश्न विचारणाऱ्या वर्गाच्या हाती पुढे जड विमान द्यायला हरकत नाही. तोवर २ किलोचे पुरे.