भिंतींवाचूनचा आश्रय

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या माणसाकडे पाहण्याची मराठी मनाची एक ठरीव रीत आहे. तो पोटासाठी बाटला, नाहीतर साहेबाच्या आश्रयासाठी बाटला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांनी उघड्यावर पडलेल्या मुलांना अन्न आणि छप्पर दिले, ही वस्तुस्थिती या समजुतीच्या पथ्यावर पडली. मराठी समीक्षेने हे शब्द सहसा उच्चारले नाहीत. तिची भाषा अधिक सभ्य राहिली. ख्रिस्ती श्रद्धेने अमुक लेखकाला ‘मानसिक आधार’ दिला, असे ती म्हणते. परंतु निंदकाचे विधान आणि सहानुभूतीने लिहिणाऱ्याचे विधान यांचा सांगाडा एकच आहे. आधी संकट, मग श्रद्धा, मग सुरक्षितता. पहिल्याला ही सुरक्षितता भाकरीची वाटते, दुसऱ्याला मनाची. क्रमाविषयी मात्र दोघांचे एकमत असते.

मराठीशी निगडित असलेली दोन महत्त्वाची ख्रिस्ती आत्मकथने या क्रमात बसत नाहीत. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) यांची घडण एकमेकींहून अगदी वेगळी आहे. तरीही एका बाबतीत त्या जवळ येतात. दोन्हींचा आरंभ असुरक्षित आयुष्याने होत नाही. तो होतो सुरक्षिततेची भक्कम व्यवस्था असलेल्या घरात, आणि त्या व्यवस्थेच्या पराभवात.

रमाबाईंच्या घरात ही व्यवस्था पुण्याची होती. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविण्याइतके स्वतंत्र बुद्धीचे गृहस्थ. परंतु दैवी कृपा मिळविण्याच्या मार्गांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळ आला तेव्हा गाठीचा पैसा दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि अनुष्ठाने यांत खर्च झाला. देव प्रसन्न झाला की टंचाई सरेल, असा हा हिशेब होता. पैसा संपला, दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीचे काम करणे किंवा भीक मागणे हे दोन्ही कुळाच्या अभिमानाला परवडणारे नव्हते. १८७४ साली वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे पाठोपाठ गेली. रमाबाईंच्या कथनात हा भाग जितका करुण आहे तितकाच तो चिकित्सक आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्या केवळ उपासमार सांगत नाहीत. विद्वान, प्रामाणिक, प्रेमळ असा हा बाप आपल्या मुलांना वाचविण्यासाठी जे जे करतो, त्यामुळेच ती अधिक उघडी पडत जातात, हे त्या दाखवितात. अंध झालेले अनंतशास्त्री धाकट्या मुलीला जवळ घेऊन अखेरचा उपदेश करतात, तो प्रसंग याच मांडणीत येतो. आणि वडिलांविषयीच्या प्रेमाला या चिकित्सेने कोठेही तडा जात नाही.

यानंतर धर्मांतर आले असते, तर ‘आधी संकट, मग श्रद्धा’ हे सूत्र सुखाने लागू पडले असते. ते आले नाही. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी फिरत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे चित्र साक्षीच्या वाङ्मयप्रकाराला न मानवणारे आहे. त्यात देव नाही, प्रार्थना नाही, पुढच्या तारणाची चाहूलही नाही. दोन उपाशी मुले आणि वाळू एवढेच आहे. त्यानंतर १८७८ मधले कलकत्ता, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, १८८० मधला विवाह, १८८२ मधले वैधव्य. आणि मग १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा. म्हणजे दुष्काळ आणि दीक्षा यांत नऊ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या नऊ वर्षांत कीर्ती आहे. पोटाचा प्रश्न ज्या वेळी खरोखर तीव्र होता त्या वेळी रमाबाईंना कोणताच धर्म मिळालेला नव्हता. उलट असलेला गळून पडत होता.

बाप्तिस्म्यानेही सुरक्षितता दिली नाही. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी घातलेला वाद वाचला, की आश्रयाला आलेल्या व्यक्तीचा हा स्वर नव्हे, हे कोणाच्याही ध्यानात येते. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, स्वतःच्या सदसद्विवेकाचा अधिकार या प्रत्येक मुद्द्यावर त्या आपल्या आश्रयदात्यांशी भांडतात. साक्षीत तर त्या स्पष्टच करतात की आरंभी त्यांना सापडला तो ख्रिस्ती धर्म. ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनंतर. धर्म आणि ख्रिस्त यांत केलेला हा भेद मिशनरी वाचकांना ओळखीचा होता, त्यांच्या परंपरेतलाच होता. तरीही रमाबाईंच्या बाबतीत त्याला वेगळे वजन येते, कारण त्यांच्या लेखी ‘धर्म’ म्हणजे काहीतरी देऊन त्याच्या मोबदल्यात संरक्षण मिळविण्याची पद्धत. ती पद्धत घरातल्या तिघांच्या मृत्यूत त्यांनी पाहिली होती. नव्या धर्मातही तीच देवघेव शिरेल की काय, ही धास्ती त्यांच्या वादांमागे असावी, असे मानण्यास जागा आहे.

केडगावच्या मुक्तिसदनाची उभारणी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी मुली आणल्या, त्यांची संख्या तीनशेच्या आसपास होती. गुजरातच्या दुष्काळानंतर ती कितीतरी वाढली. विहिरी, शेते, छापखाना, विणकाम असा मोठा पसारा उभा राहिला. अंगमेहनत न करू शकणाऱ्या कुळातली मुलगी इथे प्रत्येक मुलीच्या हाताला काम देते, हे पुरेसे बोलके आहे. साक्षीची भाषा अशा ठिकाणी निश्चित आणि विजयी होते, कधीकधी फार निश्चित. तिथे ती वाङ्मय म्हणून फिकी पडते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. १९०७ च्या या लेखनाला १९२१ ठाऊक नाही. त्या वर्षी कन्या मनोरमा गेली आणि पुढील वर्षी रमाबाईही. एकुलत्या मुलीच्या मृत्यूनंतर हेच आत्मकथन त्यांनी कोणत्या स्वरात लिहिले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच.

‘स्मृतिचित्रे’ या प्रश्नाच्या पलीकडून लिहिलेली आहेत. पती, मुले, घरे, गावे यांतले बरेच काही गमावून साठी ओलांडलेली स्त्री इथे बोलते. तिचे निवेदन सुरू होते ते भीतीच्या एका वंशावळीने. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणे, प्रत्येक स्पर्शाचा संशय, त्यापायी साऱ्या घराचे होणारे हाल, हे प्रसंग मराठी वाचकाने हसत हसत वाचले आहेत. पण या वेडाचा उगम लक्ष्मीबाईंनी कोठे दाखविला आहे? बाहेरचे जग घरात शिरून माणसे उचलून नेऊ शकते, या अनुभवात. सोवळे ही इथे केवळ रूढी राहत नाही. घाबरलेल्या घराने स्वतःभोवती घातलेली ती भिंत आहे. डोंगऱ्यांच्या घरात जे काम दानाने केले ते गोखल्यांच्या घरात पाण्याने केले.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ख्रिस्ती श्रद्धा शिरते ती ही भिंत पाडणारा आघात म्हणून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी त्यांच्या पत्नीचे घर, जात, माहेरची मान वर ठेवण्याची सोय, नवरा असून नसलेपणाची विचित्र अवस्था, सारेच एकदम उघड्यावर आले. पंढरपुरात नातलगांच्या आधाराने काढलेला काळ शोकाचा आहे. कथनातली ती तरुणी हसत नाही. नंतर पतीसोबत राहू लागल्यावरही सोवळे चालूच होते. ते सुटले कसे? समजूत घालून नव्हे, उपदेशाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने एकटीने स्वतःला विचारला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० मधील इंग्रजी भाषांतराला ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले गेले. पतीच्या मागोमाग चाललेली पत्नी असा त्याचा ध्वनी आहे, आणि तो या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाची घटना झाकून टाकतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या मागून ख्रिस्ती समाजात गेल्या हे खरे. पण भीतीच्या बाहेर त्या आपल्या पायांनी आल्या.

या पुस्तकाच्या विनोदाचे कौतुक करून त्यातील श्रद्धा कंसात टाकण्याची मराठी समीक्षेची सवय इथे अडचणीत येते. धर्मांतरितांच्या लेखनात जुन्या धर्माविषयी वादाचा सूर असणे स्वाभाविक मानले जाते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणाऱ्या बाबा पदमनजींच्या लेखणीत तो ठायी ठायी आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत तो जवळजवळ नाही. ज्या सोवळ्याने त्यांचे बालपण छळले त्यावर त्या हसतात, पण त्या हसण्यात सूड नाही. वडील हास्यास्पद होतात आणि तरी वडीलच राहतात. ज्याला विटाळाची धास्ती उरलेली नाही आणि विटाळ मानणाऱ्यांना हरविण्याची गरजही उरलेली नाही, त्यालाच असे हसता येते. हा केवळ स्वभावाचा भाग आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु पंढरपूरची तरुणी आणि तिचे चित्र काढणारी वृद्धा यांच्यात जे अंतर आहे, ते स्वभावाने पडलेले नाही. सुरक्षिततेविषयी हे पुस्तक कोठेही विधान करीत नाही. ती त्याच्या स्वरात आहे.

बायबलमधील स्तोत्रे आश्रयासाठी दुर्ग, खडक, ढाल या प्रतिमा वापरतात. या युद्धभूमीच्या प्रतिमा आहेत. त्यांना शत्रू लागतो, तटबंदी लागते. टिळकांच्या अभंगरचनेत ख्रिस्त ‘माउली’ झाला तो वारकरी परंपरेतून. या बदलाची चर्चा बहुधा ‘भारतीयीकरण’ या मथळ्याखाली होते. पण प्रतिमा बदलली की सुरक्षिततेचा अर्थही बदलतो. आईच्या मांडीला तट नसतो. टिळकांच्या आयुष्यात तर हे अगदी शब्दशः खरे ठरले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ठरलेला पगार गेला. त्या संसाराची तारांबळ निस्तरणारी पत्नी या औदार्याकडे भक्तिभावाने पाहत नाही, हे ‘स्मृतिचित्रां’चे मोठेच भाग्य. पतीची निरिच्छता तिला कळते आणि घरातल्या डब्याचा तळही दिसतो. टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ तिने पुढे नेले. ओवीची ती प्रचंड रचना तिच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाली.

या दोन्ही आत्मकथनांची एक मर्यादा दृष्टीआड करून चालणार नाही. ती ब्राह्मण धर्मांतरितांची आहेत. श्रद्धेने प्रथम असलेली सुरक्षितता हिरावून घेतली, असे ज्यांना म्हणता येते त्यांच्याजवळ हिरावून घेण्याजोगे काही होते. नगर जिल्ह्यातील गावकुसाबाहेरच्या महार-मांगांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा गमावण्यास ना सोवळे होते ना पुण्याचा साठा. त्यांच्या बाबतीत शाळा, दवाखाना, दुष्काळातली भाकरी आणि श्रद्धा एकाच दाराने आली. ‘पोटासाठी बाटला’ हा शेरा मुख्यत्वे त्यांच्यावरच मारला गेला, आणि रमाबाई-लक्ष्मीबाईंच्या उदाहरणाने तो परतविता येत नाही. किंबहुना या दोघींचा त्याग पुढे करून शेऱ्याचे खंडन करू पाहणारा समीक्षक भाकरी हा हलका हेतू असल्याचे निंदकाइतकेच मान्य करून बसतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहे. ते मागणाऱ्याच्या श्रद्धेविषयी त्या प्रार्थनेला शंका वाटलेली नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत मिशनच्या दारात उभ्या राहिलेल्या आईबापांनी काय गमावले आणि त्यांना काय सापडले, हे सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ त्या पिढीतून मराठीत आली नाहीत. लिहायला शिकली ती त्यांची मुले.