समृद्धीचें शुभवर्तमान

श्रद्धावानास आरोग्य व धन मिळणें हा त्याचा हक्क होय. तो हक्क तोंडानें बोलून दाखवावा, म्हणजे पदरीं पडतो. आजाराचें वा दारिद्र्याचें नांव काढणें म्हणजे त्यांस आमंत्रण देणें, असा एक उपदेश अलीकडे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतूनही ऐकूं येतो. ‘शुभ बोल नाऱ्या’ या आपल्या म्हणींतला नाऱ्या मांडवाला आग लागल्याचें सांगून मोकळा तरी झाला. या मतांत आगीपेक्षां नाऱ्याचाच अपराध मोठा ठरतो.

हें मत बायबलांतलें असें त्याचे प्रचारक म्हणतात. परंतु आजचें त्याचें रूप अमेरिकेंत घडलें. ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) यांचे विचार केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनीं लोकप्रिय केले. हेगिन यांच्या लेखनांत केनियनचे उतारे जसेच्या तसे आले आहेत, हें डी. आर. मॅकॉनेल यांनीं १९८८ सालीं दाखवून दिलें. विशेष हें कीं, याचे कठोर टीकाकार नास्तिक नव्हेत. गॉर्डन फी हे स्वतः पेंटेकॉस्टल पंथाचे विद्वान. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या आरंभींचें जें वाक्य प्रचारक आधारास घेतात, तें त्या काळच्या पत्रांतील नेहमींचें क्षेमकुशल होय, असें त्यांनीं दाखविलें. आपल्या वाडवडिलांच्या पत्रांत ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें’ असें असे. त्यावरून आरोग्याचा करारनामा कोणी काढला नाहीं.

त्यांतच ओरल रॉबर्ट्स यांनीं रूढ केलेली ‘बीजा’ची शिकवण. दान हें बीज, आणि देव त्याचें अनेकपट पीक देतो! याची तुलना नवसाशीं केली तर नवसावर अन्याय होईल. नवस काम झाल्यावर फेडावयाचा असतो. येथें दाम आधीं, आणि काम न झाल्यास दोष देणाराच्या श्रद्धेचा. बीजाची उपमा यवतमाळ जिल्ह्यांत देण्यास तर धारिष्टच पाहिजे. येथील कापूस बहुतांशीं पावसावर. मृगांत पेरावें, पावसानें ओढ द्यावी, आणि उसनवारीनें दुबार पेरणी करावी, हें येथल्या शेतकऱ्यास नवें नाहीं. बीं जळालें तें श्रद्धेच्या अभावीं नव्हे, हें त्यास पुरतें ठाऊक असतें. याच जिल्ह्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानें १९८६ सालीं मृत्यु पत्करला. कर्जाचा आकडा बायकोपाशींही बोलण्याची ज्यास चोरी, अशा माणसास ‘हरल्याचें बोलूं नकोस’ म्हणून सांगणें हें आमच्या मतें केवळ चूक नव्हे, क्रूर आहे.

याच यवतमाळांत १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली व १९८३ सालीं पुण्यास जाईपर्यंत तेथें धर्मोपदेशक तयार झाले. बायबल शिकवावयाचें म्हणजे ईयोब शिकवणें आलेंच. ‘तुझ्याच दोषानें हें झालें’ असें ईयोबास बजावणाऱ्या मित्रांवर देवाचा कोप होतो. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

मराठी ख्रिस्ती चरित्रें हेंच सांगतात. पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या संस्थेंत १९०५ सालीं झालेलें धर्मजागरण पेंटेकॉस्टल इतिहासकार अभिमानानें आपल्या पूर्वपीठिकेंत गणतात. त्याच रमाबाईंस १९२१ सालीं एकुलत्या एका मुलीचा, मनोरमेचा, मृत्यु पाहावा लागला. पुढल्या वर्षीं त्या स्वतः गेल्या. त्यांची श्रद्धा उणी पडली असें कोण म्हणेल? लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. घरांतील ओढाताण, पतीचा तापट स्वभाव, मुलांचीं दुखणीं, कांहींएक त्यांनीं झांकलें नाहीं. उलट त्यावर हंसल्या. असें हंसूं ‘शुभ बोल’च्या आज्ञेनें येत नाहीं.

मात्र या प्रचारकांकडे गरीब कां जातात, हेंही पाहिलें पाहिजे. जुन्या मंडळींत त्यास ‘सोस’ एवढेंच ऐकावें लागलें असेल, तर त्याच्या भाड्याची व औषधाची देवास काळजी आहे असें म्हणणारा त्यास आपला वाटणारच. केप टाउन येथें २०१० सालीं भरलेल्या लोझान परिषदेच्या निवेदनानें समृद्धीचा उपदेश स्पष्ट शब्दांत त्याज्य ठरविला, तें योग्यच झालें. पण निवेदनें राळेगांव वा मारेगांवच्या शेतकऱ्यापर्यंत पोंचत नाहींत. दीडशें स्तोत्रांपैकीं सुमारें एकतृतीयांश विलापाचीं आहेत. तीं रविवारीं मोठ्यानें वाचावीं, आणि वाचून झाल्यावर कोणास घरचें कांहीं सांगावयाचें असेल तर तें ऐकून घेण्यास अर्धा तास राखून ठेवावा.