माहीत असणं आणि जाणणं

सर्बो-क्रोएशियन भाषेतलं ‘झ्नाती’ हे क्रियापद मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. संस्कृत ‘ज्ञा’ धातूच्या कुळातलं ते, म्हणजे आपल्या ‘जाणणे’चं दूरचं भावंडं. वर्तमानकाळातली रूपं सरळ आहेत: झ्नाम, झ्नाश, झ्ना; अनेकवचनात झ्नामो, झ्नाते, झ्नायु. भविष्यकाळात मात्र सीमारेषा दिसते. ‘मी जाणेन’ हे सर्बियात ‘झ्नाच्यू’ असं एका शब्दात लिहितात, क्रोएशियात ‘झ्नात च्यू’ असं दोन शब्दांत. कानाला फरक जवळपास जाणवत नाही.

अनुवादकाची खरी परीक्षा हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडून येतं तेव्हा होते. ‘झ्ना प्लिवाती’ म्हणजे त्याला पोहता येतं; इथे मराठीत ‘जाणणे’ नकोच, ‘येणे’ हवं. पण ‘झ्नाली सु दोची नोचू’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘त्यांना रात्री यायचं माहीत होतं’ असा नसतो. ते कधीमधी रात्री यायचे, एवढंच बोलणारा सांगत असतो. ही साहित्यकृती आपल्याकडे बहुतेकदा इंग्रजीवरून येते. मधल्या अनुवादकाने या जागी शब्दशः ‘माहीत होतं’ केलं असेल, तर सवयीच्या जागी कारस्थान उभं राहतं. मराठीत ‘यायचे’ हे रूप या अर्थासाठी तयारच आहे. पण मूळ वाक्य समोर नसेल तर ते सुचणार कसं?

याहून अवघड आहे साधा नकार. ‘निसाम झ्नाला’ असं म्हणणारी बाई असते. ‘निसाम झ्नाओ’ म्हणणारा पुरुष. दोघांचंही मराठी सहजपणे एकच होतं: ‘मला माहीत नव्हतं.’ बोलणाऱ्याचं लिंग पुसलं जातं. शिवाय मूळ वाक्यात जाणणारा माणूस कर्ता आहे. मराठीत तो ‘मला’ होऊन बाजूला सरकतो आणि माहिती जणू आपणहून येते किंवा येत नाही.

एरवी ही व्याकरणाची गंमत ठरली असती. पण १९९३ साली संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगला जे न्यायाधिकरण नेमलं, त्याच्या कायद्यात वरिष्ठाची जबाबदारी ठरवताना याच क्रियेवर बोट ठेवलं आहे: हाताखालचे लोक काय करत आहेत हे तो जाणत होता का, किंवा जाणण्यास कारण होतं का, आणि तरी त्याने रोखलं नाही का? त्या युद्धावरच्या कादंबऱ्यांत आणि आठवणींत ‘मी जाणत नव्हतो’ हे वाक्य म्हणूनच साधं राहत नाही.

आपली परीक्षणं ‘अनुवाद ओघवता आहे’ एवढ्यावर समाधान मानतात. ‘मला माहीत नव्हतं’ हे ओघवतंच आहे. ‘मी जाणत नव्हते’ थोडं पुस्तकी वाटतं, वाचताना अडतं. पण त्यात बोलणारी बाई राहते आणि तिची जबाबदारीही. साध्या संवादात मी पहिलं वाक्य खुशाल स्वीकारीन. साक्षीच्या, कबुलीच्या जागी मात्र मला दुसरं हवं. अनुवादकाने दोन्ही जागी एकच वाक्य ठेवलं असेल, तर त्याने ती निवड केलीच नाही, असं परीक्षणात स्पष्ट लिहायला हवं.