जंगलातले वीर, गावातले गैरहजर

आंद्रे वायदाच्या 'अ‍ॅशेस अँड डायमंड्स' (1958) या पोलिश चित्रपटात कम्युनिस्टविरोधी भूमिगत तरुण माचेक हा श्चुका या कम्युनिस्ट पुढाऱ्याला भर रस्त्यात गोळ्या घालतो. वयस्क श्चुका कोलमडतो तो थेट माचेकच्याच अंगावर. मारणारा मरणाऱ्याला कवेत धरून उभा राहतो आणि नेमक्या त्याच क्षणी युद्धसमाप्तीच्या आतषबाजीने आभाळ उजळतं. शत्रूलाही वय असतं, वजन असतं, हे वायदाने सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून दाखवलं.

1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यावर दिग्दर्शकांचे हात मोकळे झाले, आणि चित्रपट मात्र आक्रसले.

युद्धानंतरही जंगलात राहून कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध लढलेल्यांना पोलंडमध्ये 'शापित सैनिक' म्हणतात. 2011 पासून 1 मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. कम्युनिस्ट राजवटीने त्यांना चार दशकं डाकू ठरवलं होतं, तेव्हा कौतुकाची भरती येणारच होती. येझी झालेव्स्कीचा 'हिस्टोरिया रोया' रखडत रखडत 2016 च्या मार्चमध्ये पडद्यावर आला. पाठोपाठ 2017 मध्ये कोन्राद वेंत्स्कीचा 'विक्लेंती' आला. दोन्हींत नायक देखणा, देशभक्त आणि हुतात्मा. समोरचे बहुतेक सगळे रशियन, नाहीतर फितूर. मधलं कुणी जवळपास नाहीच.

प्रत्यक्षात ते होतं. पूर्वेकडच्या पोडलासियात कॅथलिक पोलिश वाड्यावस्त्यांना लागून ऑर्थोडॉक्स बेलारूसी गावं होती. 1946 च्या जानेवारी-फेब्रुवारीत या शापित सैनिकांपैकीच रोमुआल्ड राइस ऊर्फ 'बुरी' याच्या तुकडीने त्यांतल्या काही गावांवर हल्ले केले. झालेशानीत लोकांना एका घरात कोंडून ते पेटवून दिलं. या मोहिमेत बायका-मुलांसह 79 जण मारले गेले. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासात 2005 मध्ये यात वंशसंहाराची लक्षणं असल्याचा निष्कर्ष निघाला. 2019 मध्ये त्याच संस्थेने निवेदन काढून तो निष्कर्ष पातळ केला. शेजारच्या हायनुव्का शहरात मारलेल्यांचे नातलग राहतात, आणि तिथूनच 'बुरी'च्या गौरवाचे मोर्चे निघाले. एवढं नाट्य आयतं समोर असताना पटकथाकार पुन्हापुन्हा झाडीतल्या गोळीबाराकडेच वळतात, याला काय म्हणावं?

प्रतिनिधित्वाचा विषय काढला की कपाळाला आठ्या पडतात. अमेरिकी मालिकांसारखी डोकी मोजून पात्रं घाला, असं इथे कुणी म्हणत नाही. त्या गावांत जे खरोखर राहत होते ते तरी दिसू द्या, इतकीच मागणी आहे. तीही इतिहासाच्याच नावाने.

रुमानियात गोची वेगळी. कॉन्स्टँटिन पोपेस्कूने 2010 मध्ये फागाराश डोंगरातल्या इओन गाव्रिला ओगोरानूच्या कम्युनिस्टविरोधी गटावर चित्रपट केला. भूक, थंडी, पाठलाग यांचं चित्रण अस्सल आहे. पण ओगोरानू तरुणपणी ज्यूद्वेष्ट्या लीजनरी चळवळीच्या युवाशाखेत होता. ते पडद्यावर येत नाही म्हणून बर्लिन महोत्सवाच्या वेळी वाद झाला, आणि तो रास्त होता. नायकाचा भूतकाळ कापला की त्याला घाबरून जगलेले ज्यू शेजारीही आपोआप कापले जातात.

आणि बायका? लपलेल्यांना भाकरी, औषध, बातमी पुरवणाऱ्या बायकांवरच हे युद्ध तगलं. रुमानियातल्या नुक्शोआराच्या एलिझाबेता रिझेआने डोंगरातल्या माणसांना मदत केली, तिचे अनन्वित हाल झाले, वर्षानुवर्षं तुरुंग भोगावा लागला. देशाला ती कळली ती ल्युचिया होसू-लोंगिनच्या 'मेमोरियालुल दुरेरी' या टीव्ही मालिकेतून. अठरावं वर्ष लागायच्या सहाच दिवस आधी गोळ्या घातलेली परिचारिका दानुता शेदझिकुव्ना ऊर्फ 'इन्का' हिच्यावर 2006 मध्ये 'इन्का 1946' झालं, तेही पोलिश टीव्हीसाठीचं नाटक. दोघींनाही आधी जागा दिली ती छोट्या पडद्याने. मोठ्या पडद्यावरच्या जंगलपटांत अशी बाई आलीच तर दारात भाकरी ठेवते आणि कॅमेरा बंदुकीमागे निघून जातो.