पर्यटनाचे जीवनचक्र मूल्यमापन : उपयुक्तता आणि मर्यादा
(माथेरानच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
पर्यटन हा 'धूरविरहित उद्योग' आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. कारखान्याच्या धुराड्यासारखे त्याचे प्रदूषण एका जागी दिसत नाही, हे या समजाचे कारण होय. पर्यटकाने वापरलेले इंधन, वीज, अन्न व पाणी यांचा भार अनेक ठिकाणी विखुरलेला असतो. हा भार एकत्र मोजण्यासाठी जीवनचक्र मूल्यमापन पद्धतीचा अवलंब केला जातो. ही पद्धती पर्यटनाला कितपत लागू पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचे स्वरूप :
या पद्धतीचा उगम 1969 मध्ये अमेरिकेत शीतपेयाच्या बाटल्यांच्या तुलनात्मक अभ्यासात झाला. आयएसओ 14040 व 14044 या मानकांनी (2006) तिचे चार टप्पे निश्चित केले : उद्दिष्ट व व्याप्ती ठरविणे, आदान-प्रदानांची सूची करणे, परिणामांचे मूल्यमापन आणि निष्कर्षांचे अर्थनिर्वचन. कच्चा माल काढण्यापासून विल्हेवाटीपर्यंतचा संपूर्ण प्रवास विचारात घेणे हे तिचे बलस्थान होय. परंतु बाटली ही वस्तू आहे, तर पर्यटन हा अनेक सेवांचा समुच्चय आहे. येथूनच अडचणी सुरू होतात.

सीमानिश्चितीचा प्रश्न :
जागतिक पर्यटन संघटना व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांच्या 2008 च्या अहवालानुसार, 2005 मध्ये जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे 5 टक्के होता व त्यातील सुमारे 75 टक्के भाग वाहतुकीचा होता. 2018 मध्ये लेन्झेन व सहकाऱ्यांनी 160 देशांच्या अभ्यासातून हा वाटा हरितगृह वायूंच्या सुमारे 8 टक्के असल्याचे दाखविले. या दोन आकड्यांतील तफावत केवळ कालखंडाची नाही. दुसऱ्या अभ्यासात इतर हरितगृह वायू तसेच अन्न, खरेदी यांसारख्या वस्तू-सेवांच्या पुरवठासाखळ्याही समाविष्ट आहेत. म्हणजेच सीमा बदलली की उत्तर बदलते.

माथेरानच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होते. 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या गिरिस्थानात सामान्य मोटारवाहनांना प्रवेश नाही. ती दस्तुरी नाक्यावर थांबतात. मूल्यमापनाची सीमा दस्तुरी नाक्यापाशी आखली, तर माथेरान जवळजवळ निष्कलंक ठरेल. ती मुंबई वा पुण्यातील पर्यटकाच्या घरापासून आखली, तर खासगी मोटारीचे इंधन हिशेबात येईल आणि चित्र पालटेल. नेरळहून रेल्वेने येणारा व मोटारीने येणारा पर्यटक यांतील भेदही तेव्हाच दिसेल.

मोजणीच्या एककाचा प्रश्न :
पर्यटनात बहुधा 'प्रतिपर्यटक-प्रतिरात्र' हे एकक वापरतात. समजा, प्रवासाचा भार 100 एकके व प्रत्येक मुक्कामाचा भार 10 एकके आहे. एका रात्रीच्या सहलीचा प्रतिरात्र भार 110 येईल. पाच रात्रींच्या सहलीचा एकूण भार 150, परंतु प्रतिरात्र भार केवळ 30 येईल. मुक्काम वाढविणे हितावह ठरते, ते वर्षभरातील सहलींची संख्या घटली तरच. पर्यटकांची संख्या दुप्पट झाली, तर प्रतिरात्र आकडा आहे तेवढाच राहील आणि डोंगरावरील भार मात्र दुप्पट होईल. स्थळाची धारणक्षमता या एककात कोठेच उमटत नाही.

जे मोजले जात नाही :
पायदळी तुडवली जाणारी माती, तिची धूप, पाण्याचे स्थानिक दुर्भिक्ष्य आणि अधिवासाची हानी हे परिणाम स्थळसापेक्ष असतात. सरासरी गुणकांवर आधारलेल्या सूचीत ते पुरेसे पकडता येत नाहीत. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील कास पठारावर एका पाऊलवाटेने होणारी हानी कार्बनच्या किलोग्रॅममध्ये सांगता येणार नाही.

याहून गंभीर प्रश्न मानवी श्रमाचा आहे. माथेरानमध्ये माणसाने ओढलेल्या हातरिक्षा दीर्घकाळ चालत आल्या. 2022 च्या अखेरीस तेथे ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे निर्देश दिले. केवळ पर्यावरणीय सूची केली, तर ई-रिक्षेच्या नावावर विद्युतघटाची निर्मिती, वीज व विल्हेवाट यांचा भार जमा होईल. हातरिक्षेच्या नावावर जवळजवळ काहीच होणार नाही. ओढणाऱ्याची छाती व गुडघे हे या सूचीचे रकाने नाहीत. जी पद्धती अशा वाहनास 'स्वच्छ' ठरवू शकते, तिच्या निष्कर्षांवर एकट्याने धोरण उभारणे धोक्याचे आहे. सामाजिक जीवनचक्र मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये प्रसिद्ध झाली व 2020 मध्ये सुधारली गेली. पर्यटनाच्या अभ्यासात त्यांची जोड आवश्यक ठरते, ती याच कारणासाठी.

समारोप :
जीवनचक्र मूल्यमापन त्याज्य नाही. प्रवासाचा अदृश्य भार उघड करण्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि अभ्यासकांनी सीमा घरापासून घरापर्यंत आखावी, प्रतिरात्र आकड्यासोबत एकूण भारही नोंदवावा, आणि धारणक्षमता व श्रमिकांची स्थिती यांचे स्वतंत्र परीक्षण करावे. महाविद्यालयीन क्षेत्रभेटी व लघुसंशोधन प्रकल्पांतूनही अशी नोंद सहज सुरू करता येईल. मोजमाप हे निर्णयाचे साधन आहे. निर्णयाची जबाबदारी मात्र माणसांचीच राहते.